हळदी-कुंकवाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात : कोणतीही नोंद एकटी नसते. एका खात्यात काही जमा झाले, की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात तेवढेच नावे पडलेले असते. पक्ष्यांविषयी लिहायला बसताना मला हे आठवावे याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. पण गेल्या वर्षभरात केलगेरीच्या तळ्यावर माझ्या हातून जे घडले त्याचा मेळ काही केल्या बसत नाही. म्हणून तो हिशेब येथे मांडतो आहे.

धारवाडच्या पश्चिमेला केलगेरीचे तळे आहे. पावसाळा सरला की तेथे बगळे, पाणकावळे, पाणकोंबड्या यांच्या संगतीत एक बदक हमखास दिसते. लांबून ते काळपट वाटते. आमच्या गल्लीतली मुले त्याला नुसते ‘काळे बदक’ म्हणतात. जवळून पाहिले तर चोच काळी, टोकाला पिवळा धमक डाग, आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना एकेक लाल टिकली. मराठीत या पक्ष्याला हळदी-कुंकू म्हणतात. हे नाव एखाद्या बाईनेच ठेवले असावे, असे आमच्या आईचे ठाम मत आहे. उडताना पंखावर हिरवा चमकदार पट्टा आणि पाठीशी पांढरी पिसे दिसतात. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच. तलवार बदके, थापट्ये, चक्रांग हे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे. उन्हाळा लागला की ते परत जातात. हळदी-कुंकू मात्र इथलेच रहिवासी.

या बदकाची पहिली ओळख मला आजोबांनी करून दिली, आणि आजोबांची त्याच्याशी ओळख बंदुकीतून झालेली होती. तरुणपणी कलघटगीच्या बाजूच्या तळ्यांवर ते बारा बोअरची बंदूक घेऊन जात. तेव्हा ते बेकायदा नव्हते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्यानंतरही परवाना काढून बदके मारता येत असत. १९९१च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. आजोबांनी बंदूक त्याआधीच सरकारजमा केली होती. का, ते मी लहानपणी अनेकदा विचारले. एकदाच त्यांनी उत्तर दिले : “पडलेली बदकं आम्ही मोजत होतो, बाळ. छर्रा लागून लव्हाळ्यात शिरलेली कोणी मोजली?”

मोजण्याचा हा शौक केवढा वाढू शकतो याची साक्ष भरतपूरला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथे अभिमानाने दगडावर कोरून ठेवलेला आहे. जखमी होऊन गेलेल्यांची संख्या त्या दगडावरही नाही. पण शिकारी म्हणजे सगळे निर्दय असेही म्हणता येत नाही. डॉ. सलीम अलींच्या आयुष्याला वळण लागले ते लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीमुळे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही त्या चिमणीवरूनच दिले. आजोबांनाही बदकांची उठण्या-बसण्याची वेळ, वाऱ्याची दिशा, पिल्लांना हाक मारण्याचा आवाज हे सारे ठाऊक होते. ते ज्ञान त्यांनी मला दिले, बंदूक दिली नाही.

मी हाती घेतला तो कॅमेरा, मामाकडून मागून आणलेला. मनात एक प्रकारचा अहंकार होता : आपण आजोबांच्या पुढची पिढी, आपण काही मारत नाही, फक्त पाहतो. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तळ्याच्या काठच्या उंच गवतात मला हळदी-कुंकवाचे घरटे सापडले. मादी अंड्यांवर बसलेली होती. मी एकेक पाऊल टाकीत पुढे सरकलो, तरी ती हलेना. ‘हिचा आपल्यावर विश्वास बसला,’ असे मला वाटले आणि ऊर भरून आला. मासे धरायला आलेल्या एका म्हाताऱ्याने पलीकडून हाक मारली, “दूर निंद्रु तम्मा!” दूर उभा राहा, असे तो सांगत होता. मला कानडी चांगले येते. तेव्हा ‘समजले नाही’ अशी सबब मला सांगता येणार नाही. मी आणखी चार पावले गेलो. लाल टिकली, पिवळे टोक, डोळ्यात पडलेले आभाळ, सगळे चौकटीत बसले. मी बटण दाबले आणि ती उडाली.

खाली नऊ अंडी होती. त्यांचेही एक चित्र घेतले. मग ती परत यावी म्हणून मी तीस-एक पावले मागे येऊन बसलो. ती तळ्यावर घिरट्या घालीत राहिली, उतरली नाही. उतरले ते दोन डोमकावळे. मी आरडाओरडा करीत धावलो. त्यामुळे मादी आणखीच लांब गेली. दुसऱ्या दिवशी गवतात फक्त कवचे होती, आणि घरट्यात अस्तरासारखी पसरलेली तिची मऊ पिसे.

जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या छायाचित्र-स्पर्धेत त्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. टाळ्या झाल्या, ढाल मिळाली. घरी येऊन ढाल आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “काय रे, किती पावलांवर गेला होतास?”

“आठ-दहा.”

“आम्हांला चाळीस यार्डांच्या आत बदकानं कधी येऊ दिलं नाही. हिनं तुला दहा पावलांवर येऊ दिलं, म्हणजे ही अंड्यांवर होती.”

मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत एवढेच म्हणाले, “बंदुकीला निदान परवाना तरी लागायचा.”

तिसरी नोंद याहून विचित्र आहे. मार्चमध्ये मी तळ्यावर गेलो असताना हळदी-कुंकवाच्या थव्यात एक अनोळखी बदक दिसले. अंग तसेच काळपट, पण छातीवर पांढरा डाग, चोचीवर टिकल्या नाहीत, आणि शेपटीवर दोन पिसे वर वळलेली. थोड्या अंतरावर चार पांढरी पाळीव बदके पोहत होती. कोणीतरी, बहुधा दयेपोटीच, ती तळ्यात आणून सोडली असणार. तेव्हा उलगडा झाला. मस्कव्ही सोडून आपली बहुतेक सारी पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आलेली; उत्तरेत त्याला नीलसर म्हणतात. मॅलार्ड आणि हळदी-कुंकू जवळचे नातलग, त्यामुळे त्यांची संकरित पिल्ले होऊ शकतात. त्या वळलेल्या पिसांचे मूळ मॅलार्डच्या नरात आहे.

हीच गोष्ट जगात इतरत्र मोठ्या प्रमाणावर घडली आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडे खरोखरच ‘काळे बदक’ नावाचा पक्षी आहे, तोही याच कुळातला. तेथील जंगले तुटून शेते झाली, शिकारीसाठी पाळून वाढवलेले मॅलार्ड सोडण्यात आले, आणि दोघांचा संकर वाढला. आता तेथील शिकारी आणि अभ्यासक हातातल्या पक्ष्याच्या पंखावरील जांभळ्या पट्ट्याला पांढरी किनार आहे का, डोक्यावर हिरवी झाक आहे का, हे पाहून त्याचे कुळ ठरवतात. न्यूझीलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकात हौसेने नेऊन सोडलेल्या मॅलार्डने तेथील ‘पारेरा’ या मूळच्या बदकाला इतके व्यापले, की शुद्ध पारेरा शोधावा लागतो.

पहिल्यांदा माझ्या तोंडून ‘भेसळ’ हा शब्द गेला. पण धारवाडात राहून तो शब्द वापरणे जड जाते. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी याच गावात कानडी कविता लिहिली आणि त्यांना १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. माझी शाळा मराठी, मित्र कानडी, हिशेबाची पुस्तके इंग्रजी. त्या पांढऱ्या डागाच्या पक्ष्याला कमअस्सल म्हणायला माझी जीभ रेटेना; त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? तरीही दोन गोष्टी एक नव्हेत. मी कानडी शिकलो म्हणून माझी मराठी पुसली गेली नाही. तळ्यातल्या वंशाचे तसे नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकाची भर पडत गेली तर दुसऱ्याची टिकली पुसत जाते. हळदी-कुंकू आज आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण घरची बदके तळ्यात सोडू नयेत, एवढे शहाणपण आपल्याला परवडण्यासारखे आहे.

असा हा हिशेब. आजोबांची शिकारीची आवड, माझी चित्रांची आवड आणि त्या अनोळखी गृहस्थाची दया, तिन्ही खात्यांत जमेच्या बाजूला प्रेमच लिहिलेले आहे. आणि तिन्ही वेळा रक्कम त्या पक्ष्याच्या नावे पडली.

आमच्या अंकाच्या संपादक सरांनी मुखपृष्ठासाठी ते बक्षीसपात्र चित्र मागितले होते. ते छापले तर पुढच्या नोव्हेंबरात आणखी कोणीतरी कॅमेरा घेऊन त्या गवतात शिरेल, असे मला वाटले. मी सरांना नम्रपणे नकार दिला. ते म्हणाले, “मग त्या जागी काय देतोस?” त्या जागी हा लेख दिला आहे.

हल्ली रविवारी पहाटे आजोबांना घेऊन केलगेरीला जातो. बांधावर बाभळीखाली बसतो. आजोबांचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून थवा उतरला की मी दुर्बिणीतून पाहून त्यांना संख्या सांगतो. ते वहीत लिहून घेतात. गेल्या रविवारी तेवीस होती.