खुंटा हलवून बळकट

यॉर्कशायर डेल्समध्ये बऱ्याच ठिकाणी हिरवळीखाली थोडीशी माती, आणि लगेच चुनखडीचा दगड. त्यात आमची कॅम्पसाइटवरची जागा खडी दाबून केलेली. कॅरव्हॅनच्या कडेला जोडायची तंबूसारखी खोली, म्हणजे ऑनिंग, अशा जमिनीवर उभारायची तर तारेच्या बारीक खुंट्या वाकतात. जाड पोलादी खुंट्या हव्यात, किंवा ड्रिलने फिरवून बसवायच्या आट्यांच्या. ड्रिल लावण्याआधी खाली विजेची केबल नाही ना, हे साइटवाल्यांना विचारून घ्यायचं. खुंटी साधारण ४५ अंशांत, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं.

पुण्याहून आलेली आई खुर्चीत बसून बघत होती. "खुंटा हलवून बळकट कर रे," ती म्हणाली. मातीत ते ठीक. खडीत खुंटी हलवली की सैल होते. ताण द्यायचा तो दोरीला.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "काँट्रॅक्ट वाढलं का?" सहा वर्षांत पोस्टडॉकचं हे माझं तिसरं शहर. तिचं विचारणं खुंटा हलवण्यापैकीच, पण प्रत्येक वेळी मीच आतून सैल होतो. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हातात हातोडा असताना सांगून टाकलं. मार्चमध्ये हेही काँट्रॅक्ट संपतंय, तेही सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठली, म्हणाली, "दोरी मी धरते. तू ठोक."