औषध पोराला नव्हते, आम्हाला होते

मूल ऐकत नाही, हट्ट करते, हात उगारते, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. तक्रार करणारे आईबाप वाईट नसतात. दिवसभर राबून आलेले असतात, खोली लहान असते, पगार पुरत नसतो आणि नेमके त्याच वेळी पोर आडवे पडते. मग हात उठतो. आमचाही उठत असे. कोणाचा जास्त उठे हे येथे सांगत बसत नाही, कारण दोघांचाही उठत असे. आमचा अनुभव वाचून एखाद्या घरातला हात जरी खाली आला तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

ही गोष्ट २०१८ सालची. मुंबईच्या उपनगरातील एका वस्तीत, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसे राहत होतो. आम्ही उभयता, आजी, थोरली मुलगी आणि धाकटा. एकाला गोदामात पाळीचे काम, दुसरीला घरी शिवणकाम. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. ताट भिरकावणे, बहिणीला चावणे, दुकानासमोर रस्त्यात लोळण घेणे हे रोजचे झाले होते. एक दिवस बालवाडीत त्याने एका मुलाच्या तोंडावर पाटी मारली. बाईंनी आम्हाला बोलावून सांगितले, "सोमवारपासून त्याला पाठवू नका." शिक्षणाचे मोल आपल्या घरांत काय आहे हे वाचकांना सांगायला नको. चौथ्या वर्षीच पोराला दार बंद झाले म्हणून आमच्या पोटात गोळा आला. त्या रात्री आम्ही त्याला पट्ट्याने मारले.

दोन दिवसांनी फळीवरचा टॉवेल काढायला आमच्यापैकी एकाने हात वर केला. पोर भिंतीला टेकून, दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसले. त्याला कोणी मारणार नव्हते, तरी ते थरथरत होते. त्याच संध्याकाळी बहिणीच्या बाहुलीला चापट्या मारताना आम्ही त्याला पाहिले. तोंडी शब्द आमचेच होते, "ऐकशील की नाही? ऐकशील की नाही?" आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि माना खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी एक हजेरी बुडवून पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. डॉक्टरांनी त्याचे कान, बोलणे, झोप, वाढ सगळे तपासले. तसे काही निघाले नाही, तेव्हा समुपदेशक ताईंकडे पाठवले. आम्ही म्हणालो, "ताई, हा शांत होईल असं काही औषध द्या." त्या म्हणाल्या, "औषध आहे. पण ते तुम्ही दोघांनी घ्यायचं आहे. आठवड्यातून एकदा, तीन-चार महिने."

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. गरिबाच्या पोराने काही केले की शिकलेली माणसे त्याच्या आईबापांचे संस्कार काढतात, तसेच हेही असे वाटले. ताईंनी ते ओळखले. "दोष देत नाही मी. पण मी त्याला आठवड्यातून एक तास भेटणार आणि तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ. मग शिकवायचं कोणाला, मला की तुम्हाला?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग त्यांनी आमच्याच घरातली गोष्ट आम्हाला समजावून दिली. जेवणाच्या आधी पोर बिस्किट मागते. आपण नाही म्हणतो. ते किंचाळते, शेजारी डोकावतात, आपण बिस्किट देतो. पोर शिकते की किंचाळले की मिळते. आपण शिकतो की दिले की शांतता होते. दुसऱ्या दिवशी आपण देत नाही, ओरडतो. ते जास्त ओरडते. आपण मारतो, ते गप्प होते. आपण शिकतो की मारले की काम होते. पोर शिकते की जो मोठा आहे त्याने मारायचे असते. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने कुटुंबांचे निरीक्षण करून हे चक्र मांडले. आम्ही ते न वाचताच रोज फिरवीत होतो.

त्याच ओरेगॉनमध्ये कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी आईबापांना शिकवण्याची दोन टप्प्यांची रीत बसवली आणि १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी त्यावरून पुढची उपचारपद्धती तयार केली. ती साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. आई किंवा बाप मुलाबरोबर एका खोलीत खेळतात. पलीकडच्या खोलीतून, एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेतून, शिकवणारी व्यक्ती पाहते आणि आईबापांच्या कानातील यंत्रात हळूच सांगते, आता हे म्हणा, आता गप्प राहा. आमच्या रुग्णालयात काच नव्हती, यंत्रही नव्हते. ताई आमच्या पाठीमागे स्टुलावर बसून कुजबुजत.

पहिला टप्पा खेळाचा. रोज पाच मिनिटे मूल सांगेल तसे त्याच्याबरोबर खेळायचे. त्या पाच मिनिटांत हुकूम नाही, प्रश्न नाही, टीका नाही. मग करायचे काय? मूल जे चांगले करील त्याचे नाव घेऊन कौतुक करायचे. नुसते "शाब्बास" पुरत नाही, "डबा हिसकावला नाहीस, मागून घेतलास, छान केलंस" असे म्हणायचे. ते बोलेल ते आपण पुन्हा म्हणायचे. ते खेळेल तसे आपणही खेळायचे. आणि रेडिओवर क्रिकेटचे समालोचन चालते तसे ते करील ते सांगत राहायचे, "लाल झाकण निळ्यावर ठेवलं, आता काडेपेटी उभी केली." या सगळ्यात आपल्यालाही आनंद वाटतो आहे हे त्याला दिसले पाहिजे. बारीकसारीक खोडीकडे काणाडोळा करायचा. मारामारी किंवा धोका असेल तर मात्र खेळ थांबवायचा.

ऐकायला हे पोरखेळ वाटते. पहिल्या दिवशी ताईंनी आमच्या पाच मिनिटांचा हिशेब कागदावर मांडला. हुकूम, प्रश्न आणि टीका मिळून तेवीस. कौतुक एकही नाही. आम्ही तर समजत होतो की प्रेमाने बोलतो आहोत! मूळ पद्धतीत पहिला टप्पा पार व्हायला पाच मिनिटांत दहा वेळा नाव घेऊन कौतुक, दहा वेळा त्याचे बोलणे पुन्हा म्हणणे, दहा वेळा वर्णन, आणि हुकूम, प्रश्न व टीका मिळून तीनपेक्षा जास्त नकोत, असे माप आहे. तिथे पोचायला आम्हाला सात आठवडे लागले. जिभेला तिचे जुने वळण सोडवत नव्हते.

घरी तर आणखी अडचण. खेळणी म्हणजे बाटल्यांची झाकणे, रिकाम्या काडेपेट्या आणि शिवणकामाची रिकामी रिळे. जागा म्हणजे शिवणयंत्र आणि मोरी यांच्यामधली. रात्रपाळी असली की एकाची पाच मिनिटे सकाळी आंघोळीच्या आधी. आजी हसत, "पोराला डोक्यावर चढवताय. आम्ही का असली नाटकं करून तुम्हाला वाढवलं?" थोरली रुसली, तेव्हा तिलाही तिची पाच मिनिटे द्यावी लागली. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. आम्ही कामात असताना धाकटा जवळ आला. एरवी त्याने काहीतरी फेकले असते. त्या दिवशी त्याने हाताला हात लावला आणि म्हणाला, "बघ ना, मी मनोरा केला." तोवर आमचे लक्ष मिळवायचा त्याला एकच रस्ता ठाऊक होता. आता दुसरा सापडला होता.

दुसरा टप्पा शिस्तीचा. मारू नका याचा अर्थ सोडून द्या असा नाही, हे ताई पुन्हा पुन्हा सांगत. हुकूम एका वेळी एकच द्यायचा. काय करू नको ते नव्हे, काय कर ते सांगायचे. "नीट वाग" नव्हे, "चप्पल फळीखाली ठेव." "ठेवतोस का?" असे विचारायचे नाही, कारण विचारले की "नाही" म्हणायचा त्याला हक्क मिळतो. मग मनात पाच आकडे मोजायचे. ठेवली तर लगेच कौतुक. नाही ठेवली तर एकदाच सूचना, "ठेवली नाहीस तर पाटावर बसावं लागेल." तिकडे यासाठी खुर्ची असते, आमच्याकडे दाराजवळचा पाट. त्यावर तीन मिनिटे. आरडाओरडा नाही, भाषण नाही, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावणे नाही. नंतर तोच हुकूम पुन्हा, आणि ऐकला की विषय संपला. पहिल्या दिवशी त्याने पाऊण तास आकांत केला आणि शेजारच्या वहिनी धावत आल्या. दोन आठवड्यांनी पाट दाखवावाही लागेना. हा टप्पा मात्र वाचून घरी करू नये. आम्हीही तो ताईंच्या समोर शिकलो, म्हणून निभावले.

सगळे गोड झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. एकदा दुहेरी पाळी करून आल्यावर त्याने पाण्याचा हंडा लवंडला आणि आमच्यातील एकाचा हात उठला. पुढच्या खेपेस आम्ही ताईंसमोर रडलो. त्या म्हणाल्या, "त्याला सांगितलंत का, की चुकलो म्हणून?" आम्ही घरी आलो आणि चार वर्षांच्या पोरासमोर बसून म्हणालो, "मारलं ते चुकलं." आजी आतून ऐकत होत्या. आमच्या घराण्यात मोठ्याने लहानाची माफी मागण्याची ती पहिलीच वेळ असावी.

त्या दिवशी ताईंनी एक अभ्यास सांगितला. अमेरिकेतच ओक्लाहोमा येथे, मुलांना मारहाण केल्याची नोंद असलेल्या ११० पालकांवर तो झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पालक वर्गाला गेलेल्यांपैकी ४९ टक्के पालकांविरुद्ध पुढे पुन्हा तशीच नोंद झाली. या पद्धतीने शिकलेल्यांत ते प्रमाण १९ टक्के होते. म्हणजे शिकलेल्यांपैकीही काही जण घसरले. पण मारणारा हात कायमचा मारणाराच राहतो, हे खरे नाही. आम्हाला त्या आकड्याचा फार आधार वाटला.

शाळेत मुलाला मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केले आहे. घरात मात्र मास्तर आपणच आणि न्यायाधीशही आपणच. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण होते असे सांगितले होते. ती मुले परक्यांच्या घरातली नव्हती.

धाकट्याला पुढे दुसऱ्या बालवाडीत घेतले. आज तो मोठा झाला आहे. हट्टी आजही आहे, भांडतोही. पण आता टॉवेल काढायला हात वर केला तर तो बाजूला सरकून म्हणतो, "थांबा, मी देतो." पट्टा आमच्या कमरेलाच असतो. दुसऱ्या कामासाठी तो पुन्हा सुटला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमचे मूल असेच वागत असेल तर आधी त्याचे कान, बोलणे आणि वाढ तपासून घ्या, कारण कधी दुखणे वेगळेच असते. जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या विभागात विचारा. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जायला लाजू नका, आम्ही एक वर्ष लाजलो आणि ते वर्ष पोराने भोगले. आणि पाच मिनिटांना तर केसपेपरही लागत नाही. आज रात्री जेवणे झाली की मुलाशेजारी बसा, तो खेळेल ते खेळा आणि त्याने केलेली एक चांगली गोष्ट त्याला नाव घेऊन सांगा.