पहाटे गेलेला दिवा

दिवा हे साहित्याच्या अध्यापकाच्या हाती फार सहज लागणारे रूपक आहे. ज्ञानेश्वरीचे नावच मुळी 'भावार्थदीपिका'. तेथून निघावे आणि हवे तेथे पोचावे. आम्हीही हा प्रवास वर्गात पुष्कळ वर्षे केला. गास्तों बाशलार यांचे मेणबत्तीच्या ज्योतीवरचे १९६१चे छोटेखानी पुस्तक अनुवादातून वाचल्यावर तर ज्योतीच्या एकांतावर आम्ही तासच्या तास बोललो. एवढे असूनही, आईचे गुडघे धरल्यामुळे घरच्या नवरात्रातला नंदादीप राखण्याची पाळी आमच्यावर आली, तेव्हा तो दुसऱ्याच पहाटे आमच्या हातून गेला.

'विझला' हा शब्द आमच्या घरी दिव्याबाबत उच्चारत नसत. दिवा 'शांत' होतो. परंतु पहाटे चारला तडतड ऐकून जागे व्हावे आणि वातीच्या टोकाशी धुराची रेघ तेवढी उरलेली पाहावी, या अनुभवाला शांत म्हणणे आम्हांला जमले नाही. कारण हे या घरात पूर्वीही एकदा घडले होते. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असू. पहिल्याच रात्री दिवा गेला. आजी काही बोलली नाही. त्याच हिवाळ्यात आजोबा वारले. या दोन गोष्टींचा संबंध घरात कोणीही शब्दांत जोडला नाही. मात्र त्यानंतर आजी असेपर्यंतच्या एकाही नवरात्रात आई रात्रीची आडवी झाली नाही. समईशेजारी पाटावर, भिंतीला टेकून, ती नऊ रात्री बसून काढी.

तेव्हा आमचा दिवा का गेला, हे शोधणे आम्हांला भाग होते. श्रद्धेचा प्रश्न आम्ही तूर्त बाजूला ठेवला आणि वातीकडे वळलो.

वातीचे काम एकच: तेल वर चढवणे. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून ते आपोआप चढते. पण आपली खाद्यतेले दाट, ती फार उंच चढू शकत नाहीत. समईची वाटी उथळ आणि वात तेलात निजलेली, ती याचसाठी. फ्रान्समध्ये कार्सेल नावाच्या घड्याळजीने १८००मध्ये याच अडचणीवर तोड म्हणून दिव्याच्या पोटात घड्याळासारखी चावी देऊन चालणारा पंप बसवला आणि तेल ज्योतीपर्यंत ढकलले. आमच्या पूर्वजांनी वाटी उथळ ठेवली व रात्री उठून तेल घालायला घरातली सून ठेवली. कार्सेलचा पंप निदान चावीवर चालत असे.

पुढे रॉकेल आले. ते पातळ, म्हणून कंदिलाची टाकी ज्योतीच्या कितीतरी खाली ठेवता आली. कंदिलाच्या तक्रारी निराळ्या. वात वाकडी कापली की ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच एका बाजूने काळवंडते. वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवावेत, हा त्यावरचा उपाय आमच्या आजोळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. (रॉकेल समईत मात्र कधीही घालू नये, ते भडकते.)

समईच्या वातीने धूर धरला तर ती फार पुढे सारली आहे असे समजावे. जितके तेल वर येते तितके पुरते जाळायला हवा पुरत नाही, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन छताला चिकटतो. वात मागे घ्यावी, जळका शेंडा चिमट्याने काढावा. ज्योत मंदावली तर वात फार घट्ट वळली गेली असेल, किंवा मागच्या सणाचे तेल वाटीत राहून चिकट झाले असेल. त्यावर नवे तेल ओतणे म्हणजे आजारी माणसाला नवा सदरा घालणे. खोबरेल वापरणाऱ्यांनी थंडीतली पहाट सांभाळावी. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजू लागते, आणि वाटीत तेल असून वात उपाशी राहते.

आमचे तेल तिळाचे होते, वात आईनेच वळलेली जोडवात, खिडकी बंद. उजाडल्यावर आम्ही समईतले तेल काचेच्या पेल्यात ओतले. तळाशी पाण्याचे टपोरे थेंब लोळत होते. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही समई चिंचेने घासली, धुतली आणि वरवर पुसली. खाचांत पाणी राहिले. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसले. पहिल्या रात्री आम्ही हौसेने दर दोन तासांनी तेल घालत होतो, म्हणून निभावले. दुसऱ्या रात्री झोप लागली. तेल उतरले, वातीची शेपटी पाण्याला टेकली, ती पाणी पिऊ लागली आणि तडतडून गेली. समई घासल्यावर उन्हात उपडी घालावी, एवढाच उपाय.

पेला हातात घेऊन उभे असताना आम्हांला ती जुनी पहाट आठवली. तेव्हाही तडतड झाली होती. पहिलीच रात्र, नुकतीच घासलेली समई. म्हणजे आईची झोप कधी लागलीच नसावी, किंवा लागली असली तरी दोष झोपेचा नव्हता.

पेला आम्ही तसाच आईकडे नेला आणि सगळे समजावून सांगितले, थोडे वर्गात सांगावे तसेच. तिने पेला उजेडात धरून पाहिला.

"ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "तडतडली तेव्हाच कळलं. त्या वर्षी समई सासूबाईंनीच घासली होती."

मग इतकी वर्षे बोलली का नाही, असे आम्ही विचारले.

"कुणाला बोलायचं? त्यांचा माणूस गेला होता."

पेला तिने आमच्या हाती परत दिला आणि समई नीट कोरडी झाली का ते पाहून ये म्हणाली. खाचांतून आधी बोट फिरव, फडक्यावर विश्वास ठेवू नकोस.