महिषासुराचा दुसरा वध

बोहाड्यातला महिषासुराचा वध रात्री दहाच्या सुमारास उरकण्यात आला, ही गोष्ट इतकी वर्षे लोटूनही माझ्या मनात सलते आहे.

मी मूळचा नाशिकचा. शिक्षकाची नोकरी लागली ती हरसूलच्या पलीकडे डोंगरउतारावर वसलेल्या एका पाड्यात. हा मुलूख १८७८ साली खालसा झालेल्या जुन्या पेठ संस्थानातला. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते आणि चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. नागली, वरई आणि भातावर वर्ष निभत नाही, म्हणून दिवाळीनंतर निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातो. खरड छाटणीच्या ऐन हंगामात ही माणसे एका रात्रीपुरती गावी येतात, ती बोहाड्यासाठी, मुखवटे बांधून देव-दैत्यांची सोंगे नाचवण्याच्या रात्रभराच्या उत्सवासाठी.

कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, हा हक्क पिढीजात असून वतनाच्या सनदेइतका जपला जातो. जर्मनीच्या दक्षिणेकडील खेड्यांतही वसंतापूर्वीच्या उत्सवात लाकडी मुखवटे वारसाहक्काने बापाकडून मुलाकडे जातात, असे वाचनात आल्यापासून त्या अपरिचित लोकांविषयी मला आपुलकी वाटत आली आहे. आमच्याकडे प्रथम गणपती, मग शारदा, मग एकेक देव-दैत्य संबळाच्या बदलत्या ठेक्यावर टेंभ्यांच्या उजेडात येतात. कपाळाला व हनुवटीला फडकी गुंडाळून त्यावर जड मुखवटा आवळलेला नाचणारा गल्लीतून पुढे-मागे झुलत राहतो. आणि देवी महिषासुराला मारते ती उजाडता उजाडता. रात्रभराचे जागरण त्या क्षणासाठीच असते.

त्या वर्षी तालुक्याचे एक अधिकारी यायचे होते. आठाला येणारे साहेब साडेनवाला आले, तोवर गणपतीही खोळंबून राहिला; आल्यावर त्यांच्या कारकुनाने कळवले की साहेबांना परतायचे आहे, तेव्हा मुख्य प्रसंग आधी दाखवावा. महिषासुराच्या सोंगाचे मानकरी सत्तरीतले गृहस्थ. त्यांनी सकाळपासून उपास धरला होता. त्यांनी एकवार पंचांकडे पाहिले, पंचांनी जमिनीकडे. मुखवटा बांधला गेला, संबळ घाईने वाजला, देवीने तलवार उगारली, दैत्य पडला, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली, नारळ व शाल देऊन सत्कार झाला, आणि मोटारीचे दिवे वळणाआड गेले. एखाद्या घरचे लग्न पाहुण्याच्या सोयीने मुहूर्ताआधी कोणी लावील काय? ज्याला बोहाडा पाहायचा असेल त्याने पहाटेपर्यंत मांडी घालून बसावे, नपेक्षा येऊ नये, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

मी रागाने उठलो. “बाबा, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?” असे त्या वृद्धांना विचारले. घाम पुसत ते इतकेच म्हणाले, “बसा गुरुजी, देवीचं राहिलंय अजून.” आणि खरोखरच आता गणपती आला, शारदा आली, सगळी सोंगे क्रमाने नाचली, आणि तांबडे फुटताना तेच सत्तर वर्षांचे शरीर तो मुखवटा पेलत, आधी न दिसलेल्या आवेशाने देवीवर चालून गेले. मी थक्क झालो. पंचांविषयीचा माझा राग तेथेच विरला.

परंतु बागांचे मजूर नेणारी जीप पहाटे चारला सुटली होती. आठवड्याची मजुरी बुडेल म्हणून कोणालाच थांबता आले नाही, आणि जी माणसे केवळ त्या क्षणासाठी इतक्या दुरून आली होती, त्यांच्या वाट्याला साहेबांसाठी उरकलेलाच वध आला. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई जीपच्या पायरीवर पाय ठेवून, मागे संबळाकडे मान वळवून उभी होती. मुकादमाने तिला दोनदा हाक मारली.

पुढे त्याच साहेबांच्या शिफारशीने पाड्याचा रस्ता झाला. तापाने फणफणलेले पोर त्या रस्त्याने मी स्वतः हरसूलच्या दवाखान्यात पोहोचवले आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी कडवट बोलताना जीभ अडते. पुढच्या वर्षी पंचांनी त्यांना पुन्हा निमंत्रण धाडायचे ठरवले, तेव्हा पत्राचा मसुदा मीच लिहून दिला. मात्र वध पहाटे होईल, हे वाक्य त्यात पंचांना न विचारता घातले.