जुन्या गाडीचे निदान



शाळेची जुनी डिझेल गाडी आपण सगळे ओळखता. १९९८ सालची ही गाडी एका माजी विद्यार्थ्याने संस्थेला दिलेली आहे. सहलीचे जेवण नेणे, आजारी मुलाला घरी पोचवणे अशी कामे ती करते; पण तिचे खरे काम सकाळचे. आमची सातवीतील एक विद्यार्थिनी चाकाच्या खुर्चीवर असते. बसच्या पायऱ्या तिला चढता येत नाहीत आणि रिक्षात खुर्ची मावत नाही. गाडी आली तर ती शाळेत येते, नाही आली तर तिची गैरहजेरी लागते.

गेल्या जुलै महिन्यात ही गाडी सकाळी सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरे. एकदा कशीबशी सुरू झाली की दोन मिनिटे खोकत चाले आणि मग दिवसभर तक्रार नसे. एका गॅरेजने पंप उतरवून दुरुस्ती आणि चारही नोझल नवे, असा ३८ हजार रुपयांचा अंदाज लिहून दिला. विश्वस्त मंडळात साहजिकच विचार निघाला की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाकावी. हिशेबाने ते बरोबरच होते. आम्ही इतकेच म्हटले की कागदावर किंमत लिहिली आहे, कारण लिहिलेले नाही. आधी कारण कळू द्या, मग निर्णय घेऊ.

चालककाकांनी ट्रकांची कामे करणारे एक वयस्कर मिस्त्री आणले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. गाडी फक्त सकाळीच रुसते का? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? शेवटचा फिल्टर कधी बदलला? मग म्हणाले, "साहब, पंप बाद में. पहले हवा देखो."

हे वाक्य समजण्यासाठी डिझेल इंजिन थोडे समजून घ्यावे लागेल. आम्ही विज्ञान हिंदी माध्यमातून शिकलो. तिथला 'संपीडन' हा शब्द इथे सगळे काम करतो. रुडॉल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत चालले. त्यात पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. जुन्या मोटारींच्या इंजिनात हवा सुमारे वीसपट दाबली जाते, त्यामुळे ती ५०० अंशांच्याही वर तापते आणि त्यात नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्या फवाऱ्याचा दाब १०० बारहून अधिक असतो. मोटारीच्या चाकात हवा साधारण २ बार असते, यावरून कल्पना यावी. आता अडचण अशी की डिझेल दाबले तर दाब लगेच तयार होतो, पण नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडत नाही.

मिस्त्रींची तपासणी टाकीकडून इंजिनाकडे गेली, आणि फुकटच्या गोष्टींपासून महागाच्या गोष्टींकडे.

प्रथम टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे हवेचे भोक बुजले तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल पुढे जात नाही. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला नाही, म्हणजे ते ठीक. मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी पाहिले. सुटीत अर्धी टाकी ठेवून गाडी उभी राहिली तर पावसाळी दमट हवेचे पाणी आत साचते. थोडेसे निघाले, पण दुखणे त्याचे नव्हते.

तिसरी खूण धुराची. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचते पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन पाहावे. इथे धूरच नव्हता. डिझेल पोचतच नव्हते. दुसऱ्या सकाळी त्यांनी फिल्टरवरचा हातपंप दाबून लाईनमधली हवा काढली आणि गाडी लगेच सुरू झाली. रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरत होते, हे नक्की झाले.

मग फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू असताना तीत बुडबुडे दिसले. म्हणजे हवा टाकी आणि फिल्टर यांच्या दरम्यान शिरत होती. खात्रीसाठी स्वच्छ डिझेलचा डबा नव्या नळीने थेट फिल्टरला जोडला. डबा मुद्दाम जमिनीवर ठेवला, कारण वर ठेवला असता तर डिझेल आपोआप उतरले असते आणि परीक्षा खोटी झाली असती. रात्र गेली. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी सुरू!

दोष निघाला टाकीजवळच्या रबरी नळीत. क्लिपखाली ती कडक होऊन तडकली होती. नळी, क्लिपा, फिल्टर आणि मजुरी मिळून १,४५० रुपये झाले. पंप आणि नोझल यांना कोणी हात लावला नाही.

नववीच्या मुलांनी चांगला प्रश्न विचारला: नळी तडकली होती तर खाली डिझेल का सांडले नाही? उत्तर घरी करून पाहा. सरबत पिण्याच्या नळीला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा आणि ओढा. सरबत बाहेर येत नाही, हवा आत येते. ओढणाऱ्या बाजूची गळती कोरडी असते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. नोझलकडे जाणाऱ्या दाबाच्या नळ्यांना बोट लावू नये. तो फवारा कातडीतून आत घुसतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब १,००० बारच्याही पुढे असतो, तिथे घरगुती प्रयोग करूच नयेत.

आपल्या शिक्षक-बैठकीत 'हा मुलगा अभ्यासच करत नाही' असे वाक्य येते, तेव्हा आम्हाला आता ते ३८ हजारांच्या अंदाजासारखे वाटते. त्यात निकाल आहे, कारण नाही. फळा दिसतो का, सकाळी खाऊन येतो का, घरी दिवा असतो का, हे फुकटचे प्रश्न आधी विचारायला हवेत. कोरडी गळती मुलांमध्येही असते.

विश्वस्त मंडळाने गाडी नोंदणीच्या पुढील नूतनीकरणापर्यंत ठेवण्याचे मान्य केले आहे, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. त्या विद्यार्थिनीची ऑगस्टपासूनची हजेरी पूर्ण आहे. तडकलेली नळी विज्ञान-कक्षात ठेवली आहे. पालकांनी येऊन अवश्य पाहावी. ज्या पालकांचा हात यंत्रकामात बसलेला आहे, त्यांनी महिन्यातून एक तास नववी-दहावीच्या मुलांना द्यावा, ही विनंती.