सामायिक विहीर आणि मेलचा सर्व्हर

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. जालन्याच्या मामींनी तर फोनवर सांगितलंच, "आमच्याकडं आठ दिवस राहून गेलास, त्यावर लिही की काहीतरी." तर मामी, हे घ्या. यात जेवणाचं कमी आणि कॉम्प्युटरचं जास्त आहे, तेवढं सांभाळून घ्या.

झालं असं, की माझ्या मामेभावाची बियाणं-खतांची एजन्सी आहे. अंबड, परतूर, भोकरदन अशी तिन्हीकडे माणसं. मृगाच्या आधी दहा-बारा पोरं कामाला येतात, हंगाम संपला की निम्मी जातात. प्रत्येकाला एजन्सीच्या नावाचा ई-मेल पत्ता हवा, आणि पोरगं गेलं की तो पत्ता बंद व्हायला हवा. हे ऑफिसातल्या मॅनेजरला स्वतःला करता यावं म्हणून पोस्टफिक्स-ॲडमिन नावाचं फुकट मिळणारं साधन बसवायचं ठरलं. भाड्याचा नवा लिनक्स सर्व्हर तयार होता. अर्ध्या दिवसाचं काम. लागले चार दिवस.

पहिलं भांडण पोस्टफिक्सचंच निघालं. सर्व्हरवर एक्झिम नावाचा मेल पोचवणारा प्रोग्राम आधीपासून होता. पोस्टफिक्स बसवायला गेलो तर डेबियनने सांगितलं, एक्झिम काढावा लागेल. मामेभाऊ म्हणाला, "दादा, दोन्ही राहू दे ना. जागा काय कमी आहे का?"

जागा भरपूर होती, पण डिस्कवरची. ही दोघं भांडतात ती दुसऱ्याच जागेवरून. बाहेरून येणारं मेल 25 नंबरच्या पोर्टवर येतं, आणि त्या दारात एकालाच बसता येतं. जो आधी उठतो तो बसतो, दुसरा "पत्ता वापरात आहे" म्हणून परत फिरतो. शिवाय सर्व्हरवरच्या इतर प्रोग्रामना मेल पाठवायचं झालं, की ते 'सेंडमेल' नावाची एक ठरलेली फाइल शोधतात. सेंडमेल हा एरिक ऑलमन यांचा 1980च्या दशकातला प्रोग्राम. पुढे 1995 साली केंब्रिजमध्ये फिलिप हेझल यांनी एक्झिम लिहिला, 1998 साली आयबीएममध्ये असताना वीत्झे वेनेमा यांनी पोस्टफिक्स आणला. पण जुने प्रोग्राम जुन्याच नावाने हाक मारतात, म्हणून दोघांनीही ते नाव घेतलं. एका नावाचे दोन वारस! रेड हॅटच्या घराण्यात दोघांना एका छताखाली ठेवून हाकेला कोणी ओ द्यायची ते ठरवता येतं. डेबियन सरळ सांगतं, एकच ठेवा. एक्झिमवर कोणाचंच काम अडलेलं नव्हतं. काढला. हे भांडण दहा मिनिटांत मिटलं.

दुसरं मात्र खरं भांडण होतं. त्याच सर्व्हरवर मामेभावाचं बिलांचं सॉफ्टवेअर आणायचं होतं. गावातल्याच एका पोराने पूर्वी करून दिलेलं, आणि तो पोरगा आता कुठे असतो ते माहीत नाही. त्यात शेतकऱ्यांच्या उधारीची खाती आहेत. कोणी कापूस विकल्यावर देतो, कोणी मोसंबीवर. ती खाती म्हणजे धंद्याचा जीव. हे सॉफ्टवेअर पीएचपी 5.6 वर चालणारं. डिसेंबर 2015 मध्ये पीएचपी 7 आली आणि डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धतच तिच्यातून काढून टाकली गेली. म्हणजे नव्या पीएचपीवर उधारीचं पानच उघडत नाही. आणि पोस्टफिक्स-ॲडमिनला हवी नवी. 5.6 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही 2018च्या अखेरीस थांबलं.

मामेभावाच्या ओळखीतल्या एकाने फोनवरून सल्ला दिला, "फोर्स करा, बसतं." बसतं, हे खरं आहे. पॅकेज मॅनेजरला गप्प करायचे स्विच असतात. पण तो नाही म्हणतो तेव्हा तो आपल्याला एक माहिती देत असतो. ती न ऐकता पुढे गेलं तर भांडण मिटत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि मग ऐन पेरणीच्या गर्दीत वर येतं. मी आधी नुसती रंगीत तालीम करून पाहिली. ॲप्टमध्ये तशी सोय आहे. काय येईल आणि काय जाईल याची यादी मिळते, प्रत्यक्षात काहीच हलत नाही. यादीतलं 'काढली जातील' हे कलम आधी वाचायचं, मग बाकीचं.

घाई करायचं कारणही नव्हतं. पोस्टफिक्स-ॲडमिन स्वतः मेल पोचवत नाही. ते फक्त डेटाबेसमध्ये खातेदारांची नोंद ठेवतं, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ती वाचून काम करतात. हे पान दोन दिवस बंद राहिलं तरी असलेल्या पत्त्यांवर मेल येत राहतं. सगळा सर्व्हर बंद पडला तरीही पाठवणाऱ्याकडचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस तरी सोडू नये, असा संकेतच आहे.

मामेभावाला हे सगळं समजवायला शब्द त्याच्याच शेतात सापडला. त्यांच्या सातबाऱ्यावर 'सामायिक विहीर' अशी नोंद आहे. लायब्ररी म्हणजे तेच. एक विहीर, पाच भाऊ. गाळ एकदा काढला की पाचांनाही पाणी मिळतं. एप्रिल 2014 मध्ये ओपन-एसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भोक उघडकीस आलं, तेव्हा सामायिक लायब्ररी असलेल्या सर्व्हरवर एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा चालू केल्या, की सगळ्या प्रोग्रामचं भोक बुजलं. प्रत्येकाने आपली वेगळी प्रत बाळगली असती तर एकेकाच्या मागे फिरावं लागलं असतं.

तो लगेच म्हणाला, "मग प्रत्येकाला आपापलं बोअर मारून दे, भांडणच नको." आजकाल तसंच करतात. प्रत्येक प्रोग्राम आपल्या कंटेनरमध्ये, आपल्या लायब्ऱ्या घेऊन. सोयीचं आहे, मीही वापरतो. पण जालना जिल्ह्यात बोअरची गोष्ट कोणाला सांगायची? 2012-13च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा ज्याचं त्याचं बोअर ज्याच्या त्याच्या शेतात कोरडं पडलं होतं. सामायिक विहिरीवर भांडणं होतात, पण निदान रोज कोणीतरी आत डोकावतं. स्वतःच्या बंद बोअरमध्ये कोण बघतं?

शेवटी मधला मार्ग काढला. दोन पीएचपी शेजारी-शेजारी, प्रत्येकीचं सॉकेट वेगळं. वेब सर्व्हर मेलचं पान नवीकडे पाठवतो, उधारीचं जुनीकडे. डेबियनसाठी जुन्या-नव्या पीएचपी एकत्र नांदतील अशी पॅकेजेस ओंद्रे सुरी हे गृहस्थ वर्षानुवर्षं करतात, ती वापरली. जुन्या पीएचपीचं दार बाहेरच्या जगाला बंद, फक्त ऑफिसमधून उघडेल असं केलं. आणि तिला मुदत घातली: 31 मार्च. तोवर उधारी नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची.

मुदत मामेभावानेच एका कागदावर लिहिली, का घातली तेही लिहिलं, आणि मॅनेजरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. विहिरीची पाळी टिकते ती सगळ्यांना माहीत असते म्हणून. सर्व्हरवर अशा कितीतरी तडजोडी आपण करतो, त्या करणाऱ्याच्या डोक्यात राहतात आणि त्याच्याबरोबर निघून जातात, त्या बिलवाल्या पोरासारख्या. मंडळी, तुमच्यापैकी कोणाचा ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर तिथे कोणती जुनी गोष्ट कशासाठी अडवून ठेवली आहे आणि कधीपर्यंत, एवढं आज एका कागदावर लिहून ठेवा.