स्क्रू असलेला फोन

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं संपादक मंडळातल्या बाईसाहेबांनी (म्हणजे माझ्याच रूममेटनं!) फर्मान काढलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात मराठीत बोललं की एक रुपया दंड. त्या दंडातून शाळेनं एखादा पंखा नक्की घेतला असेल, आणि त्याची दोन पाती तरी माझ्या पैशांची असतील! पण ऱ्हस्व-दीर्घाची बोंब ती बोंबच. तेव्हा वाचकहो, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

विषय फोनचाच आहे. तो माझ्या आणि पप्पांच्या मध्ये आला म्हणून लिहितेय.

पप्पांचं कोल्हापुरात, शाहूपुरीत, रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं छोटंसं दुकान होतं. माझी कॉन्व्हेंटची फी त्याच दुकानातून जायची. शाळा सुटली की मी युनिफॉर्ममध्येच तिथं जाऊन बसायची आणि सोल्डरिंगच्या धुराच्या वासात होमवर्क करायची. काही जुन्या रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किट डायग्राम चिकटवलेला असायचा. पिवळा पडलेला, कडा फाटलेला. पप्पा तो बोटानं दाखवत म्हणायचे, "हा बघ, कंपनीवाल्यानं मला लिहिलेला कागद."

पुढं डबा टीव्ही गेले, चपटे आले. पॅनेल गेलं की दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही परवडतो, असा हिशोब सुरू झाला. मी नववीत असताना पप्पांनी शटर खाली ओढलं. आता ते दुसऱ्याच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात काउंटर सांभाळतात. घरी त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तर झालं असं... फर्स्ट इयरला घेतलेला माझा १४ हजारांचा फोन अडीच वर्षांत आजारी पडला. बॅटरी फुगली आणि मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललं गेलं. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले, तर टोकन घेऊन दीड तास बसल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, मॉडेल जुनं झालं, पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." अडीच वर्षांत जुनं! मग आमचा फ्रिज काय पुराणवस्तू संग्रहालयात ठेवायचा?

सुट्टीत घरी गेले, तर पप्पा म्हणाले, "आण इकडं, मी बघतो." किती दिवसांनी त्यांनी तो जुना टूलबॉक्स काढला! पण फोनला बाहेरून एकही स्क्रू नाही. सगळं गोंदानं चिकटवलेलं. हेअर ड्रायरनं गरम करून, जुन्या ब्लेडनं कडा सोडवत त्यांनी झाकण उघडलं. बॅटरीही खाली घट्ट चिकटलेली. ती सोडवताना हात जरा जास्त गेला आणि डिस्प्लेची कागदासारखी पातळ केबल कापली गेली. स्क्रीन काळी!

(फुगलेली बॅटरी अशी घरी ओढून काढणं धोक्याचं असतं, ती पेट घेऊ शकते, हे मला नंतर कळलं. कृपया कोणी करू नका.)

पप्पा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझा हात गेला गं आता." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मला राग फोनचा आलाच, पण त्याहून जास्त राग त्या न दिसणाऱ्या डिझायनरचा आला. माझ्या पप्पांचा हात चुकावा अशीच वस्तू त्यानं बनवली होती ना?

त्याच सेमिस्टरला सेमिनारचा विषय द्यायचा होता. सगळ्यांनी ए.आय. घेतलं. मी 'दुरुस्त करता येणारे फोन' घेतला. आणि मग भेटला फेअरफोन.

ही नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमची कंपनी. २०१० मध्ये फोनमधल्या खनिजांबद्दल लोकांना जागं करायची एक मोहीम म्हणून तिची सुरुवात झाली. २०१३ मध्ये बास व्हॅन आबेल आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं, की नुसतं बोलून भागणार नाही, फोनच बनवून बघू. २०१५ चा त्यांचा दुसरा फोन मॉड्युलर होता, म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, बॅटरी सगळं वेगवेगळं काढता येणारं. दुरुस्तीच्या सोपेपणाचे मार्क देणाऱ्या आयफिक्सिटनं त्याला १० पैकी १० दिले. (आमच्या सेमिनारला कोणाला १० पैकी १० मिळाल्याचं ऐकिवात नाही!)

खनिजांची गोष्ट वाचली आणि झोप उडाली. लिथियम-आयन बॅटऱ्यांत कोबाल्ट असतं. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बरंच जास्त एकट्या काँगोत निघतं. तिथं कोल्वेझीच्या आसपास माणसं हातानं खड्डे खणून ते काढतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जानेवारी २०१६ च्या अहवालात तर सात-सात वर्षांची मुलं तिथं काम करताना आढळल्याचं लिहिलंय. सात वर्षांची असताना मी दुकानात बसून टेबल्स पाठ करत होते. आणि टँटलम? आपल्या लॅबमध्ये तो थेंबासारखा छोटा कपॅसिटर असतो ना, त्यातला टँटलम ज्या कोल्टनमधून निघतो, ते कोल्टन पूर्व काँगोतूनही येतं. तिथल्या खाणींच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. पोलॅरिटी उलटी लावून मी असे किती कपॅसिटर उडवलेत, ते लॅब असिस्टंटना विचारा!

फेअरफोन काँगो टाळून पुढं गेला नाही, हे मला आवडलं. तिथून माल घेणंच बंद केलं, तर खड्ड्यात उतरणाऱ्याची चूल विझते. म्हणून २०२० मध्ये त्यांनी इतरांबरोबर कोबाल्टच्या खाणींतली परिस्थिती सुधारायला एक आघाडी काढली. चीनमध्ये फोन जोडणाऱ्या कामगारांना पगारावर बोनस देतात. आणि आपला फोन शंभर टक्के 'फेअर' नाही, हेही ते स्वतःच सांगतात.

सेमिनार झाला, टाळ्या मिळाल्या. शेवटी सरांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण तू स्वतः घेशील का?" मी "येस सर" म्हणून मोकळी झाले. बोलायला काय जातं!

पण दिवाळीत माझा मावसभाऊ आला. तो आयंडहोव्हनला नोकरी करतो. त्याच्या खिशात चक्क फेअरफोन ५! फराळाचं ताट बाजूला सारून मी तो पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी उलटसुलट करून पाहिला. दादा म्हणाला, "काका, नखानं उघडा." झाकण निघालं. बॅटरी बोटानं उचलून बाहेर आली. मग एकाच साध्या स्क्रू ड्रायव्हरनं पप्पांनी स्क्रू काढले आणि वाटीत ठेवले (चिवड्याच्या वाटीत, आई ओरडली!). स्क्रीन सुटी झाली. पुन्हा सगळं बसवलं, बटण दाबलं, फोन चालू!

पप्पा बराच वेळ तो हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "हा ज्यानं बनवला ना, त्याला माहीत होतं, की कधीतरी हा माझ्यासारख्याच्या हातात येणार."

त्या रात्री दादा म्हणाला, "तुला नवा घेऊन पाठवतो. निम्मे पैसे मी घालतो." जून २०२५ मध्ये आलेला सहावा फोन ५९९ युरोंना, म्हणजे साठ हजारांच्या घरात. ट्यूशन्स घेऊन माझ्याकडे ३० हजार साठले होते. म्हणजे जमत होतं! सेमिनारमधलं 'येस सर' खरं करायची संधी समोर होती.

मी वही काढली आणि हिशोब मांडला.

कंपनी या फोनला ८ वर्षं सॉफ्टवेअर देणार. ६० हजार भागिले ८, वर्षाला साडेसात हजार. माझा फोन १४ हजारांचा, अडीच वर्षं चालला, वर्षाला ५,६००. म्हणजे पैशांत फेअरफोन महागच. पण माझ्या फोनला ३,८०० रुपये घालून स्क्रीन आणि बॅटरी बसवली आणि तो अजून दोन वर्षं चालला, तर वर्षाला चार हजारांच्याही खाली येतो. पर्यावरणाचं पाहिलं, तर फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. तेव्हा चालू शकणारा फोन टाकून 'चांगला' फोन घेणं म्हणजे उपास सोडायला आणखी एक उपास धरण्यासारखं!

आणि खरा प्रश्न पुढंच होता. फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. उद्या स्क्रीन फुटली तर पार्ट कुठून आणायचा? प्रत्येक वेळी दादाला फोन? म्हणजे दुरुस्त करता येणारा फोन माझ्याकडे असणार, पण दुरुस्तीची सोय दोन विमानं बदलून! पार्टशिवाय स्क्रू काय कामाचे? हे कंपनीलाही पूर्वी भोगावं लागलं. पहिल्या मॉडेलचे सुटे भाग २०१७ मध्ये संपले आणि प्रामाणिक लोकांचे फोन अडकून पडले. त्यातून ते शिकले. दुसऱ्या मॉडेलला त्यांनी २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून जास्त, सॉफ्टवेअर दिलं. चिप बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केल्यानंतरसुद्धा! पाचव्यात तर त्यांनी मुद्दाम क्वालकॉमची कारखान्यातल्या यंत्रांसाठीची चिप घातली, कारण तिला सपोर्ट जास्त वर्षं मिळतो.

मी दादाला नाही म्हटलं.

मन मात्र खात होतं. जुना फोन वापरत राहिल्यानं मी नवीन खनिज मागत नाही, हे खरं. पण त्यानं कोल्वेझीतल्या कुठल्या मुलाच्या हातात पाटी येत नाही, हेही तितकंच खरं. युरोपात राहणाऱ्या दादानं फोन बदलायच्या वेळी हाच घ्यावा, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तिथं पार्ट घरपोच येतो, आणि त्याचे चार पैसे त्या खाणीपर्यंत थोडे तरी पोचतात. मी इथं काय करायचं, याचं पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही.

कोणी म्हणेल, वर्षाला लाखभर फोन विकणारी कंपनी ती, जगात वर्षाला शंभर कोटींच्या वर विकले जातात, काय फरक पडतो? पण 'उघडता येणारा स्मार्टफोन बनूच शकत नाही' असं आता कोणाला म्हणता येत नाही, हा फरक पडलाच की. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नियमच आला. त्या दिवसापासून बाजारात येणाऱ्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण माझ्या त्या दीड तासाच्या टोकनचं उत्तर पोर्टलवर मिळत नाही. 'पार्ट येत नाही' म्हणणाऱ्याला पार्ट आणायला लावेल असा कायदा हवा.

माझा फोन शेवटी कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्या पोरानं ३,८०० रुपयांत जिवंत केला. फिंगरप्रिंट चालत नाही, पण बाकी झकास. मी त्याला विचारलं, "उघडताना भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटते की ताई. कंपनी काही सांगत नाही, तोडून-तोडून शिकलो."

मित्रांनो, दोन वर्षांनी आपल्यातलेच काहीजण कुठल्यातरी कंपनीत डिझाइनला बसतील. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणेल, स्क्रू काढा, गोंद लावा, अर्धा मिलीमीटर वाचतो. तेव्हा त्या गल्लीतल्या पोराची आठवण ठेवाल का?

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टचा डबा मी चार स्क्रूंनी बंद केला आणि झाकणाला आतून सर्किट डायग्राम चिकटवला. ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "हे कशासाठी?"

"सर, पुढं उघडणाऱ्यासाठी," मी म्हटलं.

मार्क किती मिळाले ते विचारू नका. पप्पांना त्या झाकणाचा फोटो मात्र पाठवला. याच फोनवरून.